पळत खेळायच्या गोल्फची बॅग, पाच महिने वापरून

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांचा वेळ जायला नको. चार स्टिका, म्हणजे गोल्फचे क्लब, ठेवणार असाल तर ही बॅग घ्या, पण घरी थोडं हातकाम करायची तयारी ठेवा. सात ठेवणार असाल तर अजिबात घेऊ नका. आणि तीनच ठेवणार असाल तर बॅग कशाला, हातात धरा आणि पळा.

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मिलिटरीच्या गोल्फ मैदानावर बॉल वेचायला जायचो. झुडपातला बॉल हुडकून दिला की आठ आणे मिळायचे. तिथंच एका साहेबांनी टाकून दिलेल्या सात नंबरच्या स्टिकनं मारायला शिकलो. आम्ही पोरं क्लब म्हणत नव्हतो, स्टिक म्हणायचो, आणि अजून तोंडात तेच बसलंय. मग शाळा सुटली, कामाला लागलो, गोल्फ तिथंच राहिलं. पळणं फार उशिरा आलं. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या मैदानात चकरा मारायला लागलो, त्यातनं दहा किलोमीटरची सवय झाली.

दोन्ही नाद एकाच खेळात बसतात हे पुण्याच्या भाच्यानं दाखवलं. मोबाईलवर एक गोरा माणूस, अंगात बनियन आणि पळायची चड्डी, हातात चार-पाच स्टिका. पळत आला, थांबला न थांबला तोच मारला, बॉल कुठं गेला ते पळता पळताच बघितलं. भाचा म्हणाला, "मामा, हे तुझ्यासाठीच काढलंय बघ."

स्पीड गोल्फ म्हणतात त्याला. हिशेब एकदम सरळ आहे. जितके फटके तितके, त्यात जितकी मिनिटं-सेकंद लागली तितकी मिळवायची. 95 फटके आणि 68 मिनिटं 20 सेकंद, म्हणजे स्कोअर 163:20. कमी तो भारी. एक मिनिट गेलं म्हणजे एक फटका गेला. साध्या गोल्फला 18 होलना, म्हणजे बॉल घालायच्या 18 खड्ड्यांना, चार तास सहज जातात, इथं तासाभराचा मामला. स्टिका साध्या गोल्फमध्ये 14 पर्यंत चालतात, इथं जास्तीत जास्त सात. झेंडा होलमधनं काढायची गरज नाही, काढून परत लावण्यात वेळ जातो. बॉल हरवला तर मागं जाऊन परत मारायची भानगड नाही. ज्या रेषेत गेला त्या रेषेवर नवीन टाकायचा, एक फटका दंड घ्यायचा, पुढं पळायचं. बॉल वेचणाऱ्या पोरांचा धंदा या खेळात बसला असता, एवढं नक्की.

अमेरिकेतला स्टीव्ह स्कॉट, मुळात एक मैलाचा धावपटू, त्यानं 1980च्या दशकात 18 होल अर्ध्या तासाच्या आत संपवले होते. सगळे फटके एकाच 3 नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी डोक्याच्या स्टिकनं. पुढं 2005 मध्ये ख्रिस्तोफर स्मिथनं शिकागोत 65 फटके 44 मिनिटं 6 सेकंदात मारले. स्मिथ हा धावपटू नव्हे, गोल्फ शिकवणारा माणूस. 65 फटके चालत, विचार करत, चार तास घेऊन मारणारेही जगात मोजकेच असतात.

आमचं मैदान मात्र आमचंच. बेळगावजवळ मच्छे गावात एका मित्राच्या भावकीची पडीक जमीन आहे, तांबडी, मुरमाड, मधे दोन बांध. तिथं सहा होल केलेत. होलचा व्यास नियमानं 108 मिलिमीटर पाहिजे. एक लिटर रंगाचा रिकामा डबा व्हर्नियरनं मोजला तर 109 भरला. तोच पुरला. ग्रीनसाठी, म्हणजे होलभोवतीच्या सपाट जागेसाठी, गवत कुठलं आणायचं? डब्याभोवती चार-पाच पावलांचा गोल खळ्यासारखा चोपून, शेणानं सारवून घेतला. आम्ही ग्रीन म्हणतच नाही, खळं म्हणतो. "तिसऱ्या खळ्यावर दोन पट लागले," असं आमचं बोलणं चालतं. पट म्हणजे खळ्यावर बॉल घरंगळत होलकडं न्यायचा फटका. सहाच्या तीन फेऱ्या केल्या की 18 होल आणि पाच किलोमीटरच्या आसपास पळणं होतं. सकाळी साडेसातच्या आत खेळ संपवायचा, कारण त्यानंतर म्हशी येतात, आणि म्हशीमागं पोरं येतात. समोर कोण दिसलं की आपण गप उभं राहायचं. घड्याळ चालू असलं तरी. पंचेचाळीस ग्रॅमचा बॉल कुणाच्या कपाळात बसला तर त्याची बेरीज कुठल्या स्कोअरमध्ये धरणार?

आता बॅग.

ऑनलाइन मागवली, 1,890 रुपये, सहा दिवसांत आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाही. जाहिरातीत सात स्टिका घातलेला फोटो होता आणि "वजनाला हलकी" असं लिहिलेलं. हलकी आहे, यात खोटं नाही. वर्कशॉपच्या काट्यावर ठेवली, 780 ग्रॅम. उभी नळी, एका बाजूला पातळ कणा, तोंडाला प्लॅस्टिकची रिंग, दोन खिसे, एक खांद्याचा पट्टा. फोटोत रंग गर्द हिरवा होता, आलाय पोपटी. खांद्यावर टाकून पहिल्या रविवारी गल्लीतनं निघालो तर शेजारचे आजोबा म्हणाले, "काय ओ, पारायणाला निघालाय काय? वीणा नवीन घेतलाय वाटतं." तेव्हापासून घरी बॅगेला वीणाच म्हणतात.

शिलाई चांगली आहे. दोरा नायलॉनचा, कण्याला दुहेरी टीप. खालचा तळ रबरी, जाड, मुरमावर टेकवून टेकवून पाच महिन्यांत फक्त घासलाय, फाटलेला नाही. खिशाची चेन बारीक दात्याची आहे, आमच्या धुळीत ती तीन आठवड्यांत अडकायला लागली. मेणबत्ती घासली, सुटली. दर पंधरा दिवसांनी घासतो. हे काय फार मोठं नाही.

मोठं दुखणं तोंडाला आहे. तोंड 115 मिलिमीटरचं आणि आत काहीच आडवं नाही. सगळ्या स्टिका एकाच भोकात. चालताना ते कळत नाही. पळायला लागलं की चार लोखंडी डोकी एकमेकांवर आपटतात, भांड्याच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा आवाज. आवाजाचं एक वेळ सोडा, पण प्रत्येक पावलाला सगळं वजन डावीकडनं उजवीकडं सरकतं. 5 नंबर 412 ग्रॅम, 7 नंबर 428, वेज (जवळनं उंच मारायची) 446, पटर (पट मारायची) 515. बेरीज 1 किलो 801. बॅगेसकट 2 किलो 581. एवढं वजन पाठीवर गप बसलं तर जाणवणारही नाही. नाचायला लागलं की दुसऱ्या किलोमीटरला कंबर धरते.

आणि सात घातल्या तर? मी मित्राच्या तीन घेऊन घालून बघितल्या. ग्रिपा, म्हणजे स्टिकांच्या रबरी मुठी, खाली एकमेकीत अशा फसतात की 7 नंबर ओढला की 9 पण वर येतो. एक स्टिक काढायला दोन्ही हात आणि एक शिवी लागते. सातचा फोटो ज्यानं काढला त्यानं बॅग घेऊन दहा पावलंसुद्धा टाकली नसणार.

या खेळात पायांपेक्षा बॅगेकडं लक्ष द्या असं मी का म्हणतो, ते सांगतो. मित्राला बांधावर बसवून मोबाईलवर माझा अख्खा डाव काढून घेतला. जेवणाच्या सुट्टीत तो बघत वहीत मांडला. बॉलजवळ थांबल्यापासून परत पळायला लागेपर्यंत, एका फटक्याला सरासरी 21 सेकंद. त्यात मारायला किती? पाच. बाकीचे सोळा सेकंद पट्टा उतरवणे, बॅग टेकवणे, ती पडणे, ती उचलणे, स्टिक शोधणे, परत पट्टा अडकवणे. तीन स्टिका हातात धरून तोच डाव खेळलो तेव्हा 13 सेकंद लागले. फरक आठ सेकंदांचा. माझे फटके 94. आठ गुणिले चौऱ्याण्णव, 752 सेकंद, साडेबारा मिनिटं, म्हणजे साडेबारा फटके. उन्हातान्हात पळून किलोमीटरला वीस सेकंद वाचवायचे म्हटलं तर पाच किलोमीटरला शंभर सेकंदच वाचतात, आणि तेवढ्यासाठी छातीचा भाता होतो, वर फटकेही वाकडे जातात. आमच्या कामात पण हेच असतं. कटिंगला दोन मिनिटं आणि जॉब लावायला-काढायला दहा, आणि मालक मात्र स्पीड वाढव म्हणून ओरडतो.

मार्चमध्ये पट्ट्यानं दगा दिला. पट्ट्याचं बकल प्लॅस्टिकचं आहे, लांबी कमीजास्त करायचं. घामानं आणि धुळीनं ते गुळगुळीत झालं आणि पट्टा थोडा थोडा सैल होत जायला लागला. चौथ्या खळ्याकडं उतार आहे. त्या उतारावर बॅग घसरून गुडघ्यामागं आली, स्टिका बाहेर, आणि वेजचं डोकं सरळ माझ्या टाचेवर. बसलोच खाली. मित्र लांबनं ओरडतोय, "घड्याळ चालू हाय ओ!" मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कंपनीला फोटोसकट लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, परत घ्यायची मुदत संपली, तरी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देतो. परत तीच बॅग कोण घेणार? ते कूपन अजून पडून आहे, कुणाला पाहिजे तर सांगा.

मग घेऊन गेलो शहापुरात, रिक्षाची हूड आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडं. माणूस कन्नड, मराठी बोलतो ती कन्नडच्या चालीवर. बॅग आडवी-उभी फिरवून बघितली आणि विचारलं, "अण्णा, ह्यात बंदूक ठेवता काय?" गोल्फ म्हटलं. पळत खेळतो म्हटलं. त्यानं परत एकदा माझ्याकडं बघितलं, वरनं खालपर्यंत, आणि काही बोलला नाही. प्लॅस्टिकचं बकल कापून टाकलं, शाळेच्या दप्तराला असतं तसं लोखंडी तीनपट्टी बकल घातलं, आणि त्याच्या मनानंच आणखी एक काम केलं. पट्टा खांद्यावरनं सरळ खाली न सोडता छातीवरनं आडवा घेऊन कंबरेला दुसरा बारीक पट्टा जोडला, गॅसचा सिलेंडर सायकलला बांधतात तसा. म्हणाला, "पळायचं असेल तर दोन जागी धरलं पाहिजे की." 150 रुपये. अर्ध्या तासाचं काम. जाहिरात करणाऱ्या कंपनीत हा माणूस पाहिजे होता.

तोंडाचं काम मी स्वतः केलं. वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या रॉडचे तुकडे पडून असतात. मालकाला विचारून 120 मिलिमीटर व्यासाचा एक घेतला, 115 वर टर्न केला, 12 जाडीची चकती पार्ट केली, म्हणजे कापून काढली. नायलॉनला टूल धारदार लागतं, नाहीतर चिप कापण्याऐवजी ओढली जाते आणि जॉबभोवती केसासारखी गुंडाळत बसते. पहिली चकती तशीच वाया गेली. दुसरीत 70 पीसीडीवर, म्हणजे भोकांच्या मध्यांतनं जाणाऱ्या 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर, 32 ची चार भोकं पाडली. 32 कशाला, तर ग्रिपचं वरचं टोक साधारण 27 असतं, ते आत-बाहेर सुटसुटीत गेलं पाहिजे. मधे 25 चं एक, नुसतं वजन कमी करायला. चकती भरली 92 ग्रॅम. भोकांच्या कडा मारल्या, आतनं सायकलच्या ट्यूबच्या रिंगा चिकटवल्या. आवाज बंद. पूर्ण बंद. पहिल्या दिवशी पळताना मागं हात लावून बघितलं, स्टिका आहेत का पडल्या.

आता प्रत्येक स्टिकला आपलं घर आहे. उजवीकडं पुढं पटर, मागं वेज, डावीकडं पुढं 7, मागं 5. न बघता हात जातो. 21 चे 15 सेकंद झाले. हातात धरण्यापेक्षा दोन जास्त, पण एक स्टिक जास्त मिळते आणि हात मोकळे राहतात.

वापरायची रीत पण सांगतो, कारण ही बॅग वाईट म्हणून शिव्या देणारे निम्मे लोक ती चुकीची ठेवत असतात. मीही ठेवत होतो. बॉलजवळ पोचून मग स्टिक ठरवायची नाही. शेवटच्या तीस-चाळीस पावलांत ठरवायची, तिथं वेग थोडा कमी करायचा, श्वास तोंडानं सोडायचा, आणि बॉलपाशी येईपर्यंत स्टिक बाहेर काढलेली पाहिजे. बॅग उतरवायचीच नाही. 5 आणि 7 नंबर मी आता बॅग पाठीवर ठेवूनच मारतो. कंबरेचा पट्टा असल्यानं ती हलत नाही. आधी वाटलं होतं फटका तोकडा पडेल. दहा-पंधरा मीटर पडतोही, पण सरळ जातो, आणि या खेळात सरळ गेलेलाच बॉल सापडतो. सरावाचे नुसते वारे मारायचे नाहीत. एकच, खरा. गंमत अशी की माझे फटके त्यानं वाढले नाहीत. उभा राहून विचार करायला लागलो की माझ्या डोक्यात शंभर गोष्टी येतात, खांदा, मनगट, मागं कोण बघतंय. धापा टाकत असलं की एकच येते, मार आणि सुट.

खळ्यावर मात्र बॅग उतरवतो. आणि ती ठेवतो पुढच्या होलच्या बाजूला. आपण आलो त्या बाजूला ठेवली तर पट मारून झाल्यावर परत मागं यावं लागतं. साधी गोष्ट आहे, पण मला दोन महिन्यांनी सुचली. पट मारताना तेवढं थांबा, दोन श्वास घ्या. तीन सेकंद जातात, पण चुकलेला पट म्हणजे पूर्ण एक मिनिट.

मेच्या वळवानं बॅगेचा शेवटचा दोष दाखवला. तळाला पाणी जायला भोक नाही. रबरी तळ घट्ट असल्याचं वर कौतुक केलं ना, तोच तळ पाणी धरतो. पाऊस आला, आम्ही झाडाखाली, बॅग बाहेर. घरी येऊन उलटी केली तर तांब्याभर पाणी निघालं, ग्रिपा खाली तोंड करून त्यात उभ्या. दोन दिवस वाळवल्या तरी चिकट राहिल्या. शेवटी साबणानं धुतल्या. तळाला 6 मिलिमीटरची तीन भोकं पाडून पितळी आयलेट, म्हणजे भोकाच्या कड्या, ठोकले. बेळगावच्या पावसात हे पहिल्याच दिवशी करा. तसं जून लागल्यावर माळ चिखलच होतो, खळी वाहून जातात, आणि दिवाळीनंतर परत सारवावी लागतात. तोवर व्हॅक्सीन डेपो.

एकूण खर्च 1,890 अधिक 150 अधिक आयलेट-ट्यूब मिळून तीसेक रुपये. चकतीला पैसे लागले नाहीत, मालकाला चहा लागला. एवढ्या पैशात नवीन कापड घेऊन शहापुरातल्या त्या माणसाकडनं पूर्ण बॅगच शिवून घेता आली असती का? मला वाटतं आली असती, आणि मित्र आता तसंच करणार आहे. त्याचा अनुभव आला की लिहीन. माझी आहे ती मी टाकणार नाही, आता ती माझ्या पाठीला बसलीय. तिच्यातलं किती कंपनीचं आणि किती माझं, हेच आता कळत नाही.

माझं फेब्रुवारीतलं पहिलं 18 होलचं कार्ड 101 फटके, 84 मिनिटं 10 सेकंद. मेच्या तिसऱ्या रविवारचं 93 फटके, 66 मिनिटं 40. पळण्याचा वेग तोच आहे, घड्याळात बघितलाय.

चकती करून घेणाऱ्यांना एकच सूचना. माझं 115 बघून तुमचं 115 करू नका. बॅगेच्या तोंडाची रिंग साच्यातनं काढताना गोल राहत नाही. माझीच एका बाजूला 115 आणि दुसरीकडं 113 निघाली, वरनं दिसत नव्हतं. चकती बसेना म्हणून दोन बाजूंनी कानशीनं घासावी लागली. दोन्हीकडनं मोजा, लहान माप धरा, आणि अर्धा मिलिमीटर ढिली ठेवा. ट्यूबच्या पट्टीनं ती घट्ट बसते.